कंपनी बदलण्याआधी केबल बघा हो!

शेजारच्या काकूंनी दीड वर्षात इंटरनेटची तिसरी कंपनी घेतली. प्लॅन 300 एमबीपीएसचा, आणि आज स्पीड टेस्टला आकडा आला 94. आधीच्या दोघींकडेही 94च. तिन्ही कंपन्या नेमक्या त्याच आकड्यावर अडतात म्हटल्यावर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला नको?

94 दिसलं की समजायचं, केबलवरची लिंक 100 एमबीपीएसची झालीय. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, लॅन केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली की पोर्ट बरेचदा गुपचूप 100वर उतरतो. काकूंची केबल दाराच्या फटीतून गेलेली, दार आपटून आपटून चपटी झालेली. तिघांनीही डबा नवा लावला आणि केबल तीच खुपसली! राउटरच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघायला दोन मिनिटं लागतात, दोन.

आणि ग्रुपवर सल्ला काय? ‘कंपनी बदला.’ अरे, आधी घरात काय येतंय ते तरी विचारा. ‘फायबर’ म्हणून विकतात, पण फायबर गच्चीवरच्या स्विचपर्यंत (घरोघरी नेट वाटणारा डबा) आणि पुढे तांब्याची लॅन. बिल्डिंगची वीज गेली की नेट गेलं, वीज कडाडली की पोर्ट जळाला. घरात ओएनटीपर्यंत (फायबर जिथे संपते तो डबा) काचेची तार असेल तर वाटेत एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. ओएनटी आणि राउटरला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावा (ॲडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचून), काम भागतं. टेलिफोनच्या तारेवरचं डीएसएल अंतर वाढलं की ढेपाळतं. फाइव्ह-जी राउटर खिडकीत ठेवून बघितल्याशिवाय घेऊ नका. सॅटेलाइट दुसरं काहीच पोचत नसेल तिथे. त्यातही 35,786 किलोमीटरवरच्या उपग्रहामार्फत निरोप जाऊन उत्तर यायलाच जवळपास अर्धा सेकंद जातो, व्हिडिओ कॉलवर दोघं एकदमच बोलत राहतात.

बरं, कंपनीने फरक पडतो, मान्य. जीपॉनमध्ये (घरापर्यंतच्या फायबरची एक पद्धत) एका फायबरचे अडीच जीबीपीएस 32 किंवा 64 घरांत वाटले जातात, आणि कंपनीने पुढे इंटरनेटकडे जाणारी लाइन अपुरी घेतली असेल तर रात्री नऊला रडारड. म्हणून टेस्ट रात्री नऊला घ्या, लॅपटॉपला केबल लावून. मोबाइलवर, तेही बेडरूममधून, नाही.

लावायला येणाऱ्या पोरांवर राग काढू नका, त्यांना पुढची घरं गाठायची असतात. फक्त फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर दाखवायला सांगा. उणे 20 डीबीएमच्या (प्रकाशाचं माप) आसपास छान. उणे 27 म्हणजे काठावर, वायर जरा हलली की लाल दिवा. हिरवा कनेक्टर निळ्यात घालू देऊ नका, हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं. आणि उरलेली फायबर खिळ्याला घट्ट गुंडाळू नका, वेटोळं निदान वाटीएवढं हवं.

काकूंकडे दोन मीटरची नवी कॅट-6 लॅन केबल टाकली, दाराच्या वरून. 287.

काकू खूश. म्हणाल्या, ‘बघ, ही कंपनी चांगली निघाली.’