ऑनलाइन पदवी 'कागदाचा तुकडा' नाही

'ऑनलाइन पदवी सरकारी नोकरीला चालत नाही' असा मेसेज फिरतोय. नोकरी सांभाळून शिकणारे त्याने उगाच धास्तावलेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे युजीसीच्या, २०२०च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. सप्टेंबर २०२२मध्ये आयोगाने ते पुन्हा स्पष्टही केलं.

मेसेजमध्ये तथ्य आहे ते एवढंच, की इंजिनिअरिंग, वैद्यकीय, कायदा असे अभ्यासक्रम ऑनलाइन चालत नाहीत. खरी फसगत वेगळीकडेच होते. एखादं ॲप परदेशी विद्यापीठाचं नाव पुढे करून पदवी विकतं, तिला युजीसीची मान्यता नसेल तर ती इथे चालणार नाही. म्हणून फी भरण्याआधी युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचं वर्ष, तिन्ही तपासा. जाहिरातीतला शिक्का पुरावा नव्हे.