गाडीची मान आधी बघा, बिलाचा आकडा नंतर

पावसाळा लागला की आमच्याकडे सिंधुदुर्गात दर दोन-तीन वाड्यांमागे कुणाच्या तरी पडवीत अपघातातली एक मोटारसायकल उभी असते. हेडलाइटचा डूम फुटलेला, टाकीला पोचा, हँडल एका बाजूला फिरलेलं. घरात पोराच्या हाताला प्लास्टर, दारात ही गाडी, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, एस्टिमेट किती आलं? त्या आकड्यावरच सगळं ठरतं. पंधरा हजार आले तर करून घ्या, चाळीस आले तर काढून टाका. माझं म्हणणं असं की हा आकडा बघून निर्णय घेऊच नये, निदान सुरुवातीला तरी नाही. अपघातात गाडीचं जे महाग मोडतं ते बहुतेक वेळा धोक्याचं नसतं, आणि जे धोक्याचं असतं ते थोडक्या पैशात झाकता येतं.

एस्टिमेटचा कागद एकदा नीट वाचून बघा. वायझर, डूम, मीटर, टाकी, टाकीच्या बाजूची प्लास्टिकं, इंडिकेटर, सायलेन्सर, लेगगार्ड, वर रंगकाम. बेरीज वाढवतात त्या या वस्तू. त्यातली एकही तुम्हाला रस्त्यावर पाडणार नाही. फुटक्या वायझरची गाडी वर्षभर चालवली तरी ती सरळच जाईल. आता त्याच कागदावर पुढच्या शॉकअपचे पाइप, टी (दोन्ही पाइप आणि हँडल धरून ठेवणारा भाग), कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), पुढची रिम शोधा. कधी कधी सापडतच नाहीत, कारण "ते आपण सरळ करून घेऊ" असं तोंडी ठरलेलं असतं. पैसे वाचवायला घर सगळ्यात आधी हात घालतं ते नेमकं इथं.

मी गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडची कामं करतो. लोखंड वाकवणं आणि जोडणं हाच धंदा, म्हणून हे जरा ठामपणे लिहितोय. वाकलेला पाइप सरळ करता येतो, आम्ही रोज करतो. पण जिथं पाइप एकदा मुडपला तिथं लोखंड पहिल्यासारखं राहत नाही. परत जोर आला की तिथूनच वाकतं किंवा चिरतं. गेटला हे चालून जातं. शॉकअपच्या पाइपावर मात्र ब्रेक दाबल्यावर माणसासकट सगळ्या गाडीचं वजन पुढे येऊन पडतं. शिवाय त्या पाइपावर क्रोमचा थर असतो. पाइप वाकताना आणि प्रेसवर सरळ होताना त्या थराला बारीक भेगा पडतात. आपल्या हवेत त्या भेगांत गंज धरायला वेळ लागत नाही. गंजाचे खडबडीत ठिपके ऑइल सील कापतात, मग शॉकअपचं ऑइल गळायला लागतं, आणि ते ओघळून डिस्कवर गेलं की ऐन उतारावर पुढचा ब्रेक धरत नाही. पाइप सरळ करून वाचवलेले पैसे असे फिरतात.

पाइपाच्याही वरची गोष्ट म्हणजे चेसिसची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, मान. हँडलचा दांडा ज्या जाड नळीत बसतो आणि बहुतेक गाड्यांत जिच्यावर चेसिस नंबर कोरलेला असतो, ती नळी. गाडी समोरून आदळली की धक्का चाकातून शॉकअपमध्ये, शॉकअपमधून टीमध्ये आणि टीमधून या मानेत जातो. छपराची कौलं फुटली तर आपण कौलं बदलतो, आढं मोडलं तर नुसती कौलं बदलून त्या घरात राहत नाही. मानेचं तसंच आहे. ती आत दबली असेल तर वर कितीही नवं सामान लावा, गाडी सरळ धावणार नाही.

घरच्या घरी हे बऱ्यापैकी कळतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागून कुणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेटला खळगे पडलेत. मग टॉर्च घेऊन मानेच्या खालच्या बाजूला, जिथून चेसिसचा पुढचा पाइप खाली उतरतो, तिथला रंग बघा. रंगाला सुरकुती किंवा केसासारखी चीर असेल तर आतलं लोखंड हललंय. बाजूने उभं राहून पुढचं चाक आणि इंजिन यांतलं अंतर बघा आणि शेजारच्या त्याच मॉडेलच्या गाडीशी ताडून पाहा. चाक मागे सरकलेलं डोळ्यालाच दिसतं. शेवटी दोन्ही चाकांना लागून एक दोरी ताणा, म्हणजे दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते कळेल. आलॉय चाक असेल तर बोटाने आतून-बाहेरून चाचपा. तारांची रिम थोडी आउट झाली तर तारा ओढून ती जागेवर येते, पण आलॉयला चीर गेली असेल तर त्याला वेल्डिंग करू नका आणि करूही देऊ नका.

"चेसिसला एक टाका मारला की झालं" असं सांगणारे भेटतात. वेल्डिंग माझ्या पोटापाण्याचं काम आहे, तरी सांगतो, मोटारसायकलच्या मानेवर मी टाका मारत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हा खारा वारा असतो. देवबाग, तारकर्लीसारख्या अगदी किनाऱ्यावरच्या गावांत लावलेली ग्रिल आधी कुठं गंजते ते मला पाठ आहे: वेल्डिंगच्या जागी. बाहेरून रंग मारता येतो. नळीच्या आतला थर मात्र टाक्याच्या उष्णतेने जळतो आणि तिथं कुठलाच ब्रश पोचत नाही. वरून चकचकीत दिसणारी चेसिस आतून खात जाते, आणि ते आधी कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता माझ्या भाच्याचं सांगतो, कारण हे सगळं मी त्याच्या गाडीवरून बोलतोय. मालवणहून कुडाळला कामावर जाताना धामापूरच्या बाजूला पहिल्या पावसात त्याची गाडी घसरली आणि मोरीच्या कठड्यावर समोरून आदळली. तांबडी माती, त्यावर गाड्यांचं सांडलेलं तेल, त्यावर पहिली सर. या दिवसांत रस्ता किती निसरडा होतो ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. खांद्याचं हाड मोडलं, डोक्याला हेल्मेट होतं म्हणून तो आज आमच्यात आहे. गाडी दीडशे सीसीची, साडेतीन वर्षांची, हप्ते नुकतेच फिटलेले. ताई म्हणाली, "आत्ता कुठं ती गाडी आपली झाली होती." भावोजींचं म्हणणं होतं की एवढं मोडलेलं नाही, करून घेऊ. एस्टिमेटही करून घेण्यासारखंच होतं.

पण त्या एस्टिमेटमध्ये चेसिस नव्हती. गाडी न खोलता, बाहेरून दिसलं तेवढंच लिहून दिलेलं. आम्ही आमच्या ओळखीच्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी मानेखाली बोट फिरवलं, टॉर्च मारला आणि भावोजींना सांगितलं, "सरळ करून देतंय मी, पण ह्येच्यार झिलाक बसवू नकात." म्हणजे, हिच्यावर पोराला बसवू नका. पैसे मिळण्याचं काम समोर असताना माणूस असं बोलतो तेव्हा त्याचं ऐकावं. मी त्या मेस्त्रींचा कायमचा ऋणी आहे.

विम्याचा हिशोब इथं समजून घ्यायला हवा, कारण तो बहुतेकांना अपघातानंतरच कळतो. समजा गाडीची शोरूम किंमत 1 लाख होती. तीन ते चार वर्षांच्या गाडीवर 40 टक्के घसारा धरतात, म्हणजे विम्यातली किंमत, जिला आयडीव्ही म्हणतात, ती 60 हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या, म्हणजे 45 हजारांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीचेच पैसे मिळतात. त्याच्या आत राहिला तर दुरुस्ती, आणि त्यातही प्लास्टिक-रबराच्या सामानाचे निम्मेच पैसे मिळतात, या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 25 टक्के कापतात. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं असेल तर ही कपात टळते. म्हणजे चेसिस यादीत आहे की नाही यावर सगळा निकाल फिरू शकतो. म्हणून गाडी खोलून दाखवा आणि पुन्हा सर्व्हे, म्हणजे विमा कंपनीची पाहणी, करा असा आग्रह धरायचा. तो आपला हक्क आहे, त्यात कुणावर उपकार नाहीत. आणि पहिला सर्व्हे होईपर्यंत एक नटही हलवू द्यायचा नाही. आम्ही आग्रह धरला, चेसिस यादीत आली आणि खर्च त्या रेषेच्या वर गेला.

हे जमलं, कारण भावोजींनी ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, विमा दरवर्षी भरला होता. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा एकदम मिळतो. त्यामुळे कागदावर 5 वर्षांची तारीख बघून लोक निर्धास्त राहतात. तो विमा समोरच्याच्या नुकसानीचा असतो, तुमची गाडी मोडली तर त्यातून एक रुपया येत नाही. ओन डॅमेज वेगळा भरावा लागतो आणि पहिल्या वर्षानंतर कितीतरी जण तो सोडून देतात. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल म्हणून क्लेम न करणारेही पाहिले आहेत. दुचाकीचा ओन डॅमेजचा हप्ताच मुळात लहान असतो, त्यावरची सूट ती किती असणार? तेवढ्यासाठी वाकडी गाडी पोराला चालवायला देऊ नये.

याचा अर्थ जुनी गाडी टाकून द्या असा कुणी काढू नये. मला उलट राग येतो तो प्लास्टिक फुटलं म्हणून नव्या गाडीचे हप्ते अंगावर घेणाऱ्या घरांचा. मान सरळ असेल, इंजिन शाबूत असेल, तर दहा वर्षांची शंभर सीसी गाडीही उभी करावी. तिचं सामान कणकवली, कुडाळ, सावंतवाडी कुठंही मिळतं, कुठलाही मेस्त्री ती डोळे झाकून खोलतो. टाकीचा पोचा तसाच राहिला तरी चालेल. त्याच पैशात नवे पाइप, नवा कोनसेट, नवे टायर आणि नवं हेल्मेट घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, ते पुन्हा डोक्यावर घालायचं नाही.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. मासे विकायला फिरणाऱ्यांच्या गाड्या. मागे बांधलेल्या टपातलं खारं पाणी रोज चेसिसच्या शेपटावर आणि मागच्या शॉकअपच्या जोडांवर ठिबकत असतं. अशा गाडीला पुढून मार लागला तरी सीट काढून मागचाही भाग टोकरून बघा. बऱ्याचदा अपघातामुळेच कळतं की गाडी मागून आधीच संपली होती.

निर्णय चुकतो तो घाईत. गणपतीआधी गाडी उभी राहायला हवी असते. संध्याकाळच्या एसटीचा भरवसा नसतो, गाडी नाही म्हणजे कामावर खाडे. ही अडचण खरी आहे आणि ती कुणी हलक्यात घेऊ नये. पण त्यावर उपाय म्हणजे चार आठवडे भावाची, शेजाऱ्याची गाडी मागून घेणं. आमच्या वाडीत असं कुणी नाही म्हणत नाही. काही घरांत गाडीच अपशकुनी ठरते, तिच्यावर नारळ फोडतात, गाऱ्हाणं घालतात. जरूर घालावं, मनाला आधार लागतो. त्याबरोबर मानेखाली टॉर्चही मारावा.

आणि गाडी नकोच असं ठरलं तर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. रंग मारून, नवा डूम लावून, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गाडी विकली जाते. घेणारा असतो तो कॉलेजातला नाहीतर पहिल्या नोकरीतला पोरगा, ज्याच्याकडे नवीला पैसे नाहीत. ज्या गाडीवर आपल्या पोराला बसवायला आपण घाबरलो तिच्यावर त्याला बसवतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 55 प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं, म्हणजे नोंदणी रद्द होते. हे केलं नाही तर तुमच्या गाडीचा नंबर उद्या चोरीच्या गाडीवरही बसू शकतो. भाच्याच्या गाडीची नोंदणी रद्द झाल्यावर चेसिस मी स्वतः ग्राइंडरने मानेपाशी कापली आणि मगच मोडीवाल्याला दिली.

विम्याचे पैसे आले त्यात भर घालून त्याने नवी गाडी घेतली. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे भर आम्हाला वाटली होती त्यापेक्षा कमी पडली. या वेळी तो 125 सीसीची घेणार होता, मायलेजसाठी. मी एबीएसवाली, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी, घे म्हणून भांडलो. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे, आणि ओल्या तांबड्या मातीत पुढचं चाक लॉक न होणं किती मोलाचं ते इथल्या माणसाला माहीत आहे.

आपल्या भागातल्या मेस्त्रींना एक विनंती करतो. तुमच्याकडे अपघाताची गाडी आली की पाइप आणि टी उतरवून गिऱ्हाईकाला समोर बसवून दाखवा. पाइप सपाट काचेवर लोळवून दाखवला की वाकलेला आहे हे लहान पोरालाही कळतं. "स्वस्तात करून द्या" म्हणणारा बापच असतो, त्याला फक्त काय वाकलंय ते कुणी दाखवलेलं नसतं. आणि कुडाळ-कणकवलीच्या आसपास चेसिस नीट मोजून देणारं कुणी असेल तर खाली लिहा, मी स्वतः जाऊन बघेन आणि इथं सगळ्यांना पत्ता देईन.