39 डॉलर 60 सेंट

श्रीमंत बापाच्या बंगल्यात लग्नाची धामधूम चालली आहे. हिरवळीवर पाहुणे जमलेत. नवरदेव घोड्यावरून नाही की गाडीतूनही नाही, चक्क ऑटोजायरोतून, म्हणजे हेलिकॉप्टरसारख्या दिसणाऱ्या छोट्या विमानातून उतरणार आहे. आणि आत खोलीत नवरीच्या बापासमोर एक पत्रकार उभा आहे. पळून गेलेल्या मुलीचा पत्ता देणाऱ्याला 10,000 डॉलरचं बक्षीस जाहीर झालेलं, तेव्हा हा तेच न्यायला आला असणार, अशी बापाची खात्री. पत्रकार खर्चाची यादी पुढे करतो. वाटेत खिशातून गेलेले पैसे, पेट्रोलपायी विकावी लागलेली हॅट, कोट, बॅग, तीन शर्ट. एकूण 39 डॉलर 60 सेंट. बक्षीस नको, एवढेच द्या.

1934 सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मधला हा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. गुडघ्यावर बसून दिलेली अंगठी, पावसातली मिठी, विमानतळावरची धावाधाव, हे सगळं एकीकडे आणि हा हिशोब एकीकडे. मला हिशोबच जास्त खरा वाटतो.

फ्रँक काप्राचा हा सिनेमा आपल्याकडे बहुतेकांनी न पाहताच पाहिलेला आहे. राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ (1956) आणि आमिर-पूजाचा ‘दिल है के मानता नहीं’ (1991) याच झाडाला आलेले. मीही आधी आमिरचाच पाहिला, गाणी पाठ केली, आणि मूळ सिनेमा कितीतरी वर्षांनी हाती लागला. गाण्यांसाठी आजही हिंदीच ऐकीन. पण त्या जुन्या काळ्यापांढऱ्या बसमध्ये जी भूक आहे, ती मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

कारण तो काळच महामंदीचा. क्लॉडेट कोल्बेरची एली मायामीत बापाच्या बोटीवरून पाण्यात उडी मारून पळालेली, आयुष्यात कधी रांगेत उभी न राहिलेली. क्लार्क गेबलचा पीटर नुकताच संपादकाशी भांडून नोकरी घालवून बसलेला. दोघंही आपापल्या जगात न बसणारी. न्यूयॉर्कला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये शेजारी बसतात ती नाइलाज म्हणून, आणि सोबत राहतात ती सौदा म्हणून: तो तिला पोचवणार, ती त्याला बातमी देणार. प्रेमाचा अजून पत्ताच नाही. उलट ती चॉकलेटचा डबा घ्यायला निघाली तर तो विकणाऱ्याला परत पाठवतो, आपल्याला हे परवडणार नाही म्हणून.

पुढे बसमधले सगळे मिळून गाणं म्हणत असतात, ड्रायव्हरही त्यात रंगतो आणि गाडी रस्ता सोडून चिखलात जाते. लोक हसतायत, आणि तेवढ्यात एक पोरगा रडायला लागतो. त्याची आई भुकेने बेशुद्ध पडलेली असते. एली पीटरच्या हातातली नोट घेऊन त्या पोराला देऊन टाकते. इथून पुढे या दोघांकडे खरंच काही उरत नाही. शेतातली कच्ची गाजरं खायची वेळ येते. आधी ती नाक मुरडते, मग निमूटपणे खाते. ते गाजर तोंडात घालताना कोल्बेरचा चेहरा बघा.

पण माझा सगळ्यात लाडका प्रसंग डोनटचा. एली कॉफीत डोनट बुडवून धरते आणि पीटर तिला समजावतो की इतका वेळ बुडवायचं नसतं, मऊ होऊन आत पडतं. बुडवलं की लगेच तोंडात. चहात बिस्किट विरघळून तळाशी गेलेलं ज्याने लहानपणी चमच्याने काढून खाल्लंय, त्याला हे वेगळं सांगायला नको. लाखो डॉलरच्या घरात वाढलेल्या मुलीला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि ती चादर! रस्ता बंद, खोली एकच. पीटर दोन खाटांमध्ये दोरी बांधून ब्लँकेट टाकतो आणि त्याला बायबलमधल्या, रणशिंगांच्या आवाजाने कोसळलेल्या जेरिकोच्या भिंतीचं नाव देतो. दिवा मालवल्यावर पलीकडून फक्त आवाज येतो. त्या ब्लँकेटमुळेच ती निर्धास्त झोपते. शेवटी भिंत पडते, तेव्हाही दोघं पडद्यावर दिसत नाहीत. बाहेरून एक खेळण्यातलं बिगूल ऐकू येतं आणि ब्लँकेट जमिनीवर पडतं. झालं!

सगळंच मला मान्य नाही. ओढा ओलांडताना तो तिला खांद्यावर टाकून चापट मारतो. बापाशी बोलतानाही, अशा मुलीला रोज एक ठेवून देणारा नवरा हवा, असं काहीतरी म्हणतो. तेव्हा लोक हसले असतील. मला हसू येत नाही, आणि सिनेमावरच्या प्रेमापोटी मी ते झाकणारही नाही. मात्र अंगठा दाखवून गाड्या कशा थांबवायच्या याचं त्याचं लांबलचक व्याख्यान फुकट जातं आणि एली एका झटक्यात गाडी थांबवते, तेव्हा मनातल्या मनात टाळी वाजतेच.

या सिनेमाने पाच मोठी ऑस्कर घेतली: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, पटकथा. पाचही एकदम मिळवणारा हा पहिलाच. आपल्याला मिळणार नाही याची कोल्बेरला इतकी खात्री होती की ती गावाला निघाली होती. तिला स्टेशनवरून परत आणलं आणि प्रवासाच्याच कपड्यांत तिने बक्षीस घेतलं.

मागच्या रविवारी हा सिनेमा आईसोबत पाहिला. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, मी मधूनमधून सांगत होते. 39 डॉलर 60 सेंटचा प्रसंग आला आणि ती म्हणाली, “तुझ्या बाबांसारखाच आहे हा.” बाबांची वही मला माहीत होती. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा एसटीने सोलापूरहून महाबळेश्वरला गेली, त्याचं एक पान आहे. तिकिटं, दोन चहा, भजी, हमाल. आणि खाली, वेगळ्या शाईत, गजरा.

मी कपाटातून वही काढून आणली. आईने चष्मा लावला, पान शोधलं, त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मी मागितला नव्हता हं,” ती म्हणाली, आणि वही परत द्यायची सोडून उशाशी ठेवून झोपली.