दक्षिण आफ्रिकेतील फुलकंद आणि थंडी : एक खुलासा

दक्षिण आफ्रिकेतील कोणताही फुलकंद उत्तरेकडील थंड प्रदेशात उघड्यावर टिकत नाही, म्हणून तो दर शरद ऋतूत उपटून घरात ठेवावा, असे सांगितले जाते. हे सरसकट विधान चुकीचे आहे. त्या देशातील ड्राकेन्सबर्ग पर्वतरांगेत पाऊस उन्हाळ्यात पडतो, हिवाळा कोरडा असतो आणि उंचावर बर्फही पडते; त्यामुळे तिथले नेरीन बाउडेनी किंवा युकोमिस बायकलर यांचे कंद हिवाळ्यात सुप्त राहतात आणि पाण्याचा निचरा चांगला असेल, तर ब्रिटनमधील अनेक बागांत जमिनीतच तग धरतात. त्यांचा खरा शत्रू नुसती थंडी नसून थंडीतला ओलावा आहे. दक्षिणाभिमुख भिंतीलगत रुजलेल्या नेरीनला तर वारंवार उपटणे मुळीच मानवत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्याच पश्चिम केप प्रांतातील लॅकेनालिया, बॅबियाना या फुलकंदांचे मात्र उलटे आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात, म्हणून त्यांची वाढही हिवाळ्यात होते. त्यांना गोठू न देणारे, पण फार उबदार नसलेले काचघर लागते आणि उन्हाळ्यात कुंडी कोरडी ठेवावी लागते. शरदात उपटण्याचा सल्ला त्यांच्या बाबतीत अगदीच उफराटा ठरतो, कारण नेमके तेव्हाच ते अंकुरू लागतात.