विल्यम मार्शलची जमीन कुठून आली आणि कुठे गेली

सध्या विल्यम मार्शलवरचा एक मेसेज फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. थोडक्यात असं, की बाराव्या शतकातला हा इंग्लिश नाइट गरीब घरात जन्मला, ५०० लढती जिंकला, राजाने खूश होऊन त्याला वेल्स आणि आयर्लंडमधली अफाट जमीन बक्षीस दिली आणि शेवटी एका बिशपच्या शापाने पाचही मुलगे निपुत्रिक मेले, घराणं आणि जमीन दोन्ही संपलं. वाचायला भारी आहे, पण यातलं जवळपास सगळंच चुकीचं नाहीतर अर्धवट आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो याचा की जिच्यामुळे ती जमीन आली त्या बाईचं नावच कुठे नाही.

आधी ते गरीब घर. बाप जॉन हा राजाचा मार्शल, म्हणजे दरबारातले घोडे आणि बंदोबस्त बघणारा अधिकारी, पिढीजात हुद्दा, बर्कशरमध्ये हॅम्पस्टेडला घरची जमीन, आणि आई सिबिल म्हणजे सॉल्सबरीच्या अर्लची, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराची, पॅट्रिकची सख्खी बहीण. याला गरीब घर म्हणत नाहीत. विल्यम बापाचा चौथा मुलगा होता, वारसा वरच्या भावांकडे जाणार होता, म्हणून त्याच्या वाट्याला काही येणार नव्हतं एवढंच. घर खातंपितं, पोरगा भूमिहीन, असं म्हणा.

५०० लढतींचं पण तसंच. मरताना तो म्हणाला ते असं की टूर्नामेंटांमध्ये मी ५०० नाइट पकडले. तेव्हाची टूर्नामेंट म्हणजे दोघांची झुंज नव्हे, मोकळ्या रानात दोन मोठ्या टोळ्या भिडायच्या, समोरच्याला पकडायचं, मग त्याने खंडणी भरून सुटायचं आणि घोडा-चिलखत गेलं ते गेलं. रॉजर द गोजी नावाच्या जोडीदाराबरोबर त्याने हा चक्क भागीदारीत धंदा केला, कारकुनांच्या हिशोबात दहा महिन्यांत १०३ नाइट पकडल्याची नोंद आहे. नाव झालं, पैसा आला, पण एवढं करून एक एकर जमीन मिळाली नाही. पहिली मोठी जमीन म्हणजे तेव्हाच्या लँकशरमधलं कार्टमेल, तेही ११८७ च्या सुमारास दुसऱ्या हेन्रीने दिलेलं, म्हणजे गडी चाळिशीला आल्यावर.

आता मुख्य मुद्दा. ११८९ साली त्याचं लग्न झालं इझाबेल द क्लेअरशी. तिचा बाप रिचर्ड द क्लेअर, टोपणनाव स्ट्राँगबो, आयर्लंडवर चालून गेलेला नॉर्मन सरदार, आई इफा म्हणजे लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी, आणि ही पोर त्या सगळ्याची वारस. वेल्सच्या सीमेवरचं चेपस्टो, आयर्लंडमधलं लेन्स्टर, आणि क्लेअर घराण्याच्याच नात्यातून जिफर्ड नावाच्या दुसऱ्या सरदार घराण्याच्या इस्टेटीचा अर्धा वाटा, ज्यात नॉर्मंडीतलं लाँगव्हिल आणि बकिंगहमशरमधलं क्रेंडन. राजाने काय दिलं तर तिच्याशी लग्न करायची परवानगी. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा तिच्या नावाचा आणि हा तिचा नवरा. वेल्समधल्या पेम्ब्रोकचा अर्ल तर तो थेट ११९९ ला झाला. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, १२०७ ला किंग जॉनने त्याला आयर्लंडहून बोलावून घेतलं तेव्हा निघण्याआधी त्याने किल्केनीत आपल्या सरदारांसमोर इझाबेलला उभं करून सांगितलं की ही तुमची जन्माने मालकीण, माझ्याकडे जे आहे ते हिच्यामुळे. ती तेव्हा गरोदर होती, आणि तो नसताना बंडखोर चालून आले तेव्हा किल्केनी तिनेच धरून ठेवलं.

शापाचं म्हणाल तर ती गोष्ट मॅथ्यू पॅरिस या भिक्षूच्या इतिवृत्तात आहे, फर्न्सच्या बिशपने दोन गावांच्या भांडणावरून शाप दिला म्हणे. घडून गेल्यावर सांगितलेली भविष्यवाणी आहे ती. मुलगे एकेक करून गेले हे खरं आहे, विल्यम १२३१ ला, रिचर्ड १२३४ ला आयर्लंडमध्ये लढाईतल्या जखमांनी, गिल्बर्ट १२४१ ला टूर्नामेंटमध्ये घोड्यावरून पडून, वॉल्टर आणि अँसेल्म दोघंही १२४५ च्या शेवटी, महिन्याभराच्या आत. कायदेशीर लेकरू एकालाही नाही.

पण पाच मुली होत्या ना! मॉड, इझाबेल (आईच्याच नावाची), सिबिल, ईव्हा, जोन. मुलगा असेल तर थोरल्याला सगळं, मुलगा नसेल तर सगळ्या मुलींना सारखा वाटा, हा तेव्हाचा इंग्लिश कायदा, आणि मुलगी हयात नसेल तर तिचा वाटा तिच्या लेकरांना. त्याप्रमाणे १२४७ ला लेन्स्टरचे पाच वाटे झाले. कार्लो मॉडकडे, सोबत मार्शलचा हुद्दापण, किल्केनी इझाबेलच्या मुलाकडे, किल्डेर सिबिलच्या सात मुलींमध्ये, डनमेस ईव्हाच्या मुलींकडे, वेक्सफर्ड जोनच्या लेकरांकडे, आणि पेम्ब्रोकही जोनच्याच वाट्यात. थोरल्या मुलाची, म्हणजे धाकट्या विल्यमची विधवा एलेनोर ही तेव्हाच्या राजाची, तिसऱ्या हेन्रीची बहीण, तिला विधवेचा वाटा म्हणून वर्षाला ४०० पौंड ठरले होते, ते कमी ठरवले म्हणून ती आणि तिचा दुसरा नवरा सायमन द माँटफर्ट वर्षानुवर्षं राजाशी भांडत राहिले. संपलेल्या इस्टेटीवर कोणी असं भांडतं का?

घराणं संपलं म्हणता, तर मार्शलच्या मुलीचं, इझाबेलचंच घ्या. तिची मुलगी ब्रूस घराण्यात दिली आणि त्या मुलीचा नातू म्हणजे रॉबर्ट ब्रूस, स्कॉटलंडचा राजा.