सैफुलचं बेट

आमच्या सोलापुरात विजापूर रोडवर सैफुलला समोरच्या दुकानातून शेंगाचटणी आणायची म्हणजे पंचांग बघून निघावं लागतं. दुकान आमच्या खिडकीतून दिसतं. दुकानदार काट्यावरची चिमूटभर चटणी परत बरणीत टाकतो, तेही दिसतं. मध्ये फक्त रस्ता आहे. हिने पिशवी हातात दिली की मी आधी विचारतो, "पाहुणे नक्की येणारेत ना?" नसत्या पाहुण्यांसाठी जिवावर उदार कशाला व्हा.

परवा अर्धा रस्ता जिंकून दुभाजकावर चढलो, तर तिथे आधीच एक पोरगा. गळ्यात ओळखपत्र, हातात टेप, दुसऱ्या हाताने कण्हेरीची फांदी गच्च धरलेली.

"कधीपासून?"

"वीस मिनिटं झाली, काका."

पुण्याहून आला होता. चालणारे, सायकलवाले आणि सिटी बस यांच्या सोयीने रस्ता नव्याने आखायचा, त्याच्या मोजमापाला. मोजत मोजत मध्यावर आला आणि तिथंच राहिला. दोघांनाही दुसरा उद्योग नव्हता. त्याने टॅबवर नकाशा उघडला.

रस्त्यांची मापं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस आहे, तिच्या हिशेबाने फूटपाथ कमीत कमी १.८ मीटर मोकळा हवा, म्हणाला. मी समोर पाहिलं. रसवंतीचा चरक, चिपाडाचा ढीग, चार बाकडी, विजेची डीपी. मोकळं उरलं होतं ते मांजरापुरतं. उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको म्हणे. आमच्या फूटपाथवर चढायचं तर गुडघ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

सायकल ट्रॅकची हिरवी पट्टी बघून मात्र बरं वाटलं. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. पाळी सुटली की नुसता सायकलींचा लोंढा. सगळा रस्ताच ट्रॅक. ती सायकल अजून माळ्यावर आहे. डबा बांधायच्या रबराचा काळा वण कॅरिअरवर तसाच आहे, पुसून जात नाही. "पट्टी झाली तर काढतो खाली," म्हटलं. (हिला सांगितलं नाही. माळा आवरायला लावेल.)

"लेन साडेतीन मीटरची आहे, ती तीनची करायची. रस्ता अरुंद दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. ताशी ३० किलोमीटरने धडक बसलेला माणूस बहुतेक वाचतो. ५० ला..." तेवढ्यात एक टमटम त्याच्या टेपचं टोक घेऊन गेली. ५० ला काय होतं ते राहूनच गेलं.

"आणि दुभाजक रुंद करून इथं थांबायला जागा. एका वेळी एकच बाजू बघायची."

"इथं म्हणजे, आपण उभे आहोत तिथं?"

"हो. बरोबर इथंच."

म्हणजे आमची सोय कायमची झाली.

"तीन मीटरच्या दोन लेन, म्हणजे ६ मीटर. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो धरलं तर ५ सेकंदात पलीकडं."

"माझ्या आईला पदर खोचायलाच ५ सेकंद लागतात. मग पिशवी या हातातून त्या हातात घेते. मग 'चल' म्हणते. आणि मध्यावर गेल्यावर गॅस बंद केला का ते आठवते."

त्याने लिहून घेतलं. पोरगा गुणी होता.

तेवढ्यात गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर आला आणि दुभाजकाच्या फटीतून वळायला लागला. मागे दोन ट्रॉल्या. पुढचं चाक वळलं तरी मागच्या ट्रॉलीला अजून पत्ता नाही. रस्ता पार आडवा. मागे हॉर्नचा नुसता कल्ला.

"चल बे!" मी त्याचा दंड धरला. पळायचं नाही, घरच्या अंगणात चालल्यागत चालायचं. पोचलो की पलीकडं! पोराचे डोळे चमकले.

"काका, हे रोज असतं?"

"हंगामात. मार्चपर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर वराती असतात."

तेही त्याने लिहून घेतलं. मी पावशेर चटणी घेतली, त्यानेही घेतली. मग पैसे देता देता त्याचा हात थांबला. त्याची गाडी आमच्या बाजूला, कडुनिंबाखाली उभी होती.

मी रसवंतीवाल्याला दोन फुल सांगितले आणि १.८ मीटरमधल्या एका बाकड्यावर त्याला जागा करून दिली.