हयातीचा दाखला

गेली अकरा वर्षं मी केशवसुतांचं चरित्र लिहितोय. ही म्हणते, "अहो, तो बिचारा माणूस जगलाच ३९ वर्षं! त्याला लिहायला वेळ मिळाला, तुम्हाला मिळेना?"

हिला काय सांगू? सुरुवात जन्मापासून करावी म्हटलं, तर घोळ तिथूनच. कुणी १५ मार्च १८६६ म्हणतं, कुणी ७ ऑक्टोबर १८६६. मालगुंडच्या त्या बाळाला मी अजून पाळण्यात घालू शकलेलो नाही. त्यात त्यांचा फोटो नाही. एकही नाही. बाकीचे चरित्रकार नायकाला पाणीदार डोळे देऊन मोकळे होतात. मी पुराव्याशिवाय मिशीसुद्धा ठेवत नाही.

मागच्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला.

"मॅच होत नाही, काका."

मग डावा अंगठा, मग तर्जनी. रांगेतून सल्ला आला, "जरा खोबरेल चोळा." शेवटी खिडकीतल्या मुलीनं कंटाळून कागदी फॉर्म काढला.

"जन्मतारीख?"

"खरी की शाळेतली?" सवयीनं तोंडून गेलं.

आमच्या मास्तरांनी गावातल्या सगळ्या पोरांना १ जूनलाच जन्माला घातलं होतं. आई मात्र सांगायची, नागपंचमीला दिंडांचं पुरण शिजत होतं आणि कळा सुरू झाल्या, पुरण करपलं. करपलेल्या पुरणाला आत्याही साक्षीदार होती, पण ती तेव्हा सात वर्षांची, म्हणजे साक्ष कितपत ग्राह्य धरायची हा...

"काका, आधारवरची सांगा."

फोटो दिला. तिनं फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"हे तुम्हीच?"

केशवसुतांनी फोटो मागे ठेवला नाही, यातलं शहाणपण मला त्या क्षणी पटलं. पुरावा असूनही माणूस सिद्ध होत नाही, आणि मी अकरा वर्षं पुराव्याविना झटतोय!

"सही करा, खाली आजची तारीख घाला."

मी सही केली, तारीख घातली. तिनं फॉर्म उचलला, शिक्का हातात घेतला आणि थांबली.

"काका, हे काय? सात नोव्हेंबर १९०५?"

दिवस बरोबर होता. साल हुबळीचं पडलं होतं, जिथे प्लेगनं केशवसुतांना नेलं. त्यांच्या चरित्रातली ही एकच तारीख मला पाठ आहे, कारण तिच्यावर वाद नाही.

"अहो, ती त्यांच्या मृत्यूची..." मी सांगू लागलो.

तिनं शिक्का खाली ठेवला. "मग फॉर्म वेगळा. आणि त्यावर सही वारसाची लागते."